आक्काचा नीलम

अंगठी निळी होती. बोट आक्काचं होतं. आणि फोटोच्या कोपऱ्यात, कुणी बोलावलं नसताना, अमरदीपचा अंगठा होता.

रचनानं गणिताच्या पुस्तकात लपवलेला आईचा फोन जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. फोटोखाली आक्कानं लिहिलं होतं, ‘घेतली बघ!’

घेतली? म्हणजे झालं? संपलं?

आता या दोघी बहिणींचं काय होतं ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर एवढ्याशा फोटोवरनं पोरगी एवढी का पेटली ते कळायचं नाही. उपासना मोठी, बेळगावात बँकेत नोकरीला. रचना धाकटी, निपाणीत दहावीला. पण मोठी असली म्हणून काय झालं, बेळगावच्या दुकानात चप्पल घेताना उपासनाचा फोन यायचा तो निपाणीला, रचनालाच. ‘ही की ती?’ रचना हुकूम सोडायची, ‘डावीकडची. उजवीकडची घालून तू आमच्या सायन्सच्या मॅडमसारखी दिसशील.’ की आक्का गप डावीकडची घ्यायची. पर्स, पडदे, केस किती कापायचे, सगळं रचनाला विचारून. अहो, खुद्द अमरदीपचा फोटो पहिल्यांदा घरी आला, तेव्हा आई-आप्पांच्या आधी तो रचनाकडं आला होता. ‘कान मोठे आहेत, पण चालेल,’ असा शेरा मारून तिनंच त्याला पास केलं होतं.

तिथंच चुकलं, असं तिला हल्ली वाटायला लागलं होतं. कारण पास झाल्यापासून हा मोठ्या कानांचा माणूस सगळीकडंच दिसायला लागला. आक्का शनिवारी घरी यायची ती त्याच्या गप्पा घेऊन. जेवताना हसायची ती त्याच्या विनोदांवर. आणि आता साखरपुड्याची अंगठी घेतली, तीही त्याच्याबरोबर जाऊन, रचनाला एका शब्दानं न विचारता.

वर तो निळा खडा! रचनानं वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ‘आमच्या आक्काला हिरा येणार.’ ‘केवढा?’ असं पोरींनी विचारल्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढा म्हणून बोटांनी दाखवलंही होतं. आता काय दाखवायचं? पेनातली शाई?

तिनं उत्तर पाठवलं, ‘छान.’ पुढं हसरा चेहरा नाही, बदाम नाही, काही नाही. आक्काला तेवढ्यानं कळायला पाहिजे होतं. आक्काला कळलं नाही. उलट तिकडनं सात-आठ बदाम आले.

* * *

रविवारी बेळगावशेजारच्या हिंडलग्याची मंडळी साखरपुड्याची तारीख पक्की करायला निपाणीला आली. मंडळी म्हणजे दोघंच, अमरदीप आणि त्याची आई नागुबाई. अमरदीप वीज खात्यात इंजिनिअर होता. नागुबाई विहारातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या, पांढरीशुभ्र साडी आणि खणखणीत आवाज. दारातनंच ‘जय भीम’ म्हणाल्या तो पलीकडच्या गल्लीत ऐकू गेला असेल.

चहा झाला आणि डबी निघाली. अंगठी हातोहात फिरली. आईनं बघितली, आप्पांनी चष्मा वर करून बघितली. मग ती रचनाच्या हातात आली. तिनं सहज म्हणून मधल्या बोटात सरकवली. फिट्ट बसली. खिडकीतल्या उन्हात हात धरला तर खड्याच्या आत आणखी एक निळं काहीतरी हललं. एवढं चांगलं असायची गरज नव्हती त्याला.

‘रचनाबाई, अंगठी घेऊन पळायचा विचार दिसतोय,’ अमरदीप म्हणाला.

सगळे हसले. आक्का सगळ्यात जास्त हसली आणि हसता हसता त्याच्या शर्टावरचा चिवड्याचा पोहा उचलून टाकला. एवढं सहज! जसा काही तो शर्ट तिचाच होता. रचनानं अंगठी काढून डबीत ठेवली.

‘दुकानातली गंमत सांग की,’ आक्का त्याला म्हणाली.

‘अहो, तो सराफ आम्हाला खडा द्यायलाच तयार नाही,’ अमरदीपनं सुरुवात केली. ‘म्हणतो, आधी रास सांगा. मी म्हटलं, रास-बीस आम्हाला माहीत न्हाय. मग पत्रिका दाखवा म्हणाला. आमच्यात पत्रिका करतच न्हाईत म्हटलं, तर त्यानं ट्रे मागंच ओढला! नीलम सगळ्यांना चालत न्हाय म्हणे. शनीचा खडा. बाधला तर घर बुडवतो. आधी उशाखाली घेऊन झोपायचं, काही वाईट झालं न्हाय तरच बोटात घालायचं!’

‘मग?’ आप्पा पुढं सरकले. आप्पा हायस्कूलला मास्तर. असल्या गोष्टी ऐकल्या की त्यांच्या अंगात वर्ग घ्यायचा जोर यायचा.

‘मग काय, ही म्हणाली, उशाखाली मी मोबाइल घेऊन झोपते, त्यानं काय वाईट व्हायचं ते झालंय. द्या पॅक करून.’

घर हसण्यानं भरून गेलं. नागुबाईही हसल्या. पण रचनाची नजर मोठी तिखट होती. तिनं बघितलं, नागुबाईंचं तोंड हसत होतं आणि डोळे डबीवर होते. दुसऱ्या क्षणाला त्यांनी डबीचं झाकण बोटानं हळूच लावून टाकलं.

अच्छा. असं हाय तर.

चहाचे कप धुवायला रचना कधी उठायची नाही, त्या दिवशी उठली. नागुबाई मोरीपाशी हात धूत होत्या.

‘मावशी,’ रचना अगदी लहान आवाजात म्हणाली, ‘आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या काकांनी नीलम घातलता. आठ दिवसांत ट्रॅक्टर पलटी झाला.’

असे काका नव्हते. ट्रॅक्टरही नव्हता. पण बोलता बोलता रचनाला तो पलटी झालेला ट्रॅक्टर चाकांसकट दिसायला लागला.

‘मी असलं काय मानत न्हाय बाई,’ नागुबाई म्हणाल्या. नळ बंद केला. पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘आणि काका?’

‘काकांचा पाय.’

‘अगं बया.’

* * *

पुढं रचनाला फार काही करावं लागलंच नाही. बी तिनं टाकलं, पाणी नागुबाईच घालत होत्या. अंगठी त्यांच्या कपाटात होती. त्याच आठवड्यात त्यांचा मिक्सर जळाला. अमरदीपची गाडी संकेश्वरच्या अलीकडं पंक्चर झाली. एरवी असल्या गोष्टी दुपारपर्यंत विसरल्या असत्या. आता नागुबाई त्या रचनाला फोन करून सांगायच्या, दुसऱ्या कुणाला सांगणार? महिला मंडळाच्या अध्यक्ष शनीला भितात म्हटल्यावर लोक काय म्हणतील?

‘आणि तुमच्यात समदं बरं हाय न्हवं?’ त्या विचारायच्या.

‘तसं बरंच म्हणायचं मावशी,’ रचना उसासा टाकायची. ‘आक्का परवा बँकेच्या जिन्यावरनं घसरली. तुम्हाला बोलली न्हाय का? जाऊ दे, मी सांगितलं म्हणू नका. एकदाच बोटात घालून बघितली होती हो तिनं.’

असं बोलताना तिला भारी वाटायचं, खोटं कशाला बोला! किती दिवसांनी आक्काच्या कुठल्या तरी गोष्टीत तिचं चालत होतं. हिरा आला की वर्गातली मान राहील, आणि त्या दोघांनी मिळून घेतलेली, त्या अंगठ्यासकट फोटो काढलेली ती निळी वस्तू दुकानात परत जाईल. बस. त्यापलीकडं तिनं विचारच केला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी नागुबाईंचा फोन आला, पण तो आप्पांना.

‘मी काय मानत न्हाय,’ त्यांनी सुरुवात केली, ‘पण अंगठी बदलूया म्हणते. हिरा घेऊ. पोरांच्या जिवाला घोर नको.’

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘ताई, माझ्या वडलांनी घरातनं हे सगळं बाहेर काढलं, त्याला पन्नास वर्षं झाली. विड्या वळून पोरं शिकवली, पण कुणाच्या शनीला भ्याले नाहीत. आणि आता मी एका खड्यापायी ते परत घरात घेऊ? हिरा राहू द्या. आणि असंच असेल तर साखरपुडाही जरा थांबवू. विचार करू.’

आक्का नुकतीच बेळगावच्या बसमधनं उतरून आली होती, खांद्याची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. ती अंगणात गेली. रचना दाराआड.

‘तुझ्या आईला तू सांगायचंस,’ आक्का फोनवर म्हणत होती. ‘मी का सांगू?... हिरा वाईट आहे असं मी कुठं म्हटलं?... नाही अमर, ‘काय फरक पडतो’ असं तू म्हणू नको. दुसरं कुणी म्हणालं तर चालेल.’

मग तिनं फोन कठड्यावर पालथा ठेवला आणि तशीच बसली. ती रडत असती तर रचनाला सोपं गेलं असतं. रडणाऱ्या आक्काला कसं हसवायचं ते तिला पाठ होतं. पण आक्का नुसती समोरच्या भिंतीकडं बघत होती.

‘ये, लपू नको,’ ती मान न वळवता म्हणाली. रचना शेजारी जाऊन बसली. ‘रचना, तू सांग. हा ठेवू की हिरा घेऊ?’

हाच तो प्रश्न. एवढे दिवस याच प्रश्नासाठी ती जळत होती. आता फक्त ‘हिरा’ म्हणायचं होतं. नागुबाई खूश, वर्ग खूश, आप्पासुद्धा दोन दिवसांनी शांत झाले असते. जिभेवर आलेला शब्द रचनानं गिळला.

‘तुला का आवडला तो?’ तिनं विचारलं. ‘म्हणजे... त्याला आवडला म्हणून?’

‘अमरला? त्याला हिराच घ्यायचा होता.’ आक्का पहिल्यांदा जराशी हसली. ‘सगळे हिरेच बघत होतो. त्या माणसानं चुकून दुसरा ट्रे काढला आणि माझा हात गेला. अमर म्हणाला, घरी विचारूया का, रचनाला फोटो पाठवूया का. मी म्हटलं, नको. मला कुणालाच विचारावंसं वाटलं नाही गं. असं कधी झालंच नव्हतं बघ माझं. चप्पलसुद्धा मी तुला विचारून घेते.’

म्हणजे फोटो पाठवूया म्हणणारा तो. आणि नको म्हणणारी ही!

रचनाला हे गिळायला लई जड गेलं. एवढे दिवस ती चुकीच्या माणसावर जळत होती, हा एक घोटाळा. आणि बरोबरच्या माणसावर जळायला जावं तर तो माणूस असा शेजारी बसलेला, पिशवी खांद्याला तशीच, पहिल्यांदा स्वतःच्या हातानं काहीतरी उचललेला. त्यावरही जळायला होतच होतं. आपल्याशिवाय आक्काला काहीतरी इतकं आवडू शकतं, याची आग काही कमी नव्हती. पण ते परत दुकानात जावं असं मात्र आता वाटेना.

‘उद्या मला हिंडलग्याला ने,’ ती म्हणाली.

‘जेलात टाकायला?’ आक्का म्हणाली. बेळगावचं मोठं जेल हिंडलग्यालाच, त्यामुळं अमरदीपचं गाव कळल्यापासून ‘आक्काला हिंडलग्याची जन्मठेप’ हा विनोद रचनाचाच होता.

‘व्हय. मलाच.’

* * *

‘मी घालते,’ रचनानं नागुबाईंच्या समोर बसून जाहीर केलं. ‘उशाखाली नको नि काय नको. साखरपुड्यापर्यंत माझ्या बोटात राहू दे. काय व्हायचं ते मला होऊ दे. काही झालं न्हाय तर आक्काच्या बोटात घालायची. बोला मावशी, चालतंय?’

‘अगं, परक्याच्या लेकराला कशाला...’ नागुबाई म्हणाल्या. पण त्यांचे डोळे चमकले. एवढा चांगला मार्ग त्यांना सुचला नव्हता.

‘उंदरावर औषध बघतात तसं झालं हे,’ अमरदीप म्हणाला. त्याचा चेहरा उतरलेला होता, दाढी वाढली होती. कान आणखीच मोठे दिसत होते. ‘रचना, तू कशाला?’

‘फिट्ट बसते मला,’ रचना म्हणाली आणि हात पुढं केला. आप्पांना कळलं ते एवढंच, नागुबाईंनी हिऱ्याचा हट्ट सोडला आणि अंगठी जपायला रचनाकडं दिली, त्यामुळं साखरपुडा ठरल्या तारखेला राहिला.

अंगठी बोटात आली आणि काय सांगू, सोमवारचा दिवस उजाडला तो असा, जसा काही तो टपूनच बसला होता. सकाळी दुधाचं पातेलं हातातनं सुटलं. शाळेत गणिताचा पेपर मिळाला, तो घरी दाखवण्यासारखा नव्हता. मंगळवारी सायकलची चेन निसटली आणि नव्या सलवारीला काळं लागलं. बुधवारी गल्लीतलं कुत्रं, ज्याला ती रोज बिस्कीट घालायची, तेच कृतघ्न कुत्रं मागं लागलं. एका आठवड्यात माणसाला एवढं काय काय होतं, हे रचनाला माहीतच नव्हतं. आधी कधी मोजलंच नव्हतं ना. आता प्रत्येक वेळी पहिली नजर बोटाकडं जायची, मग आजूबाजूला, कुणी बघितलं तर नाही?

रोज संध्याकाळी नागुबाईंचा फोन यायचा. ‘बरी हाईस न्हवं?’

‘एकदम झकास मावशी!’ रचना सलवारीचं काळं घासता घासता म्हणायची.

गुरुवारी तालुक्याचे थ्रोबॉलचे सामने होते. खेळताना दागिना चालत नाही म्हणून तिनं अंगठी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली, टी-शर्टाच्या आत. शेवटचा पॉइंट. चेंडू रेषेच्या आत, अगदी कडेला पडत होता आणि रचना त्याच्यावर अशी झेपावली की चेंडू हातात आणि गुडघा फरशीच्या कडेवर. तिनं पडल्या पडल्या चेंडू पलीकडं भिरकावला. शिट्टी वाजली. मुलींनी तिला उचलून नाचवलं, तेव्हा तिला कळलं की पायमोजा ओला झालाय.

‘घरी काय सांगू नका हं,’ ती पट्टी बांधणाऱ्या मॅडमना म्हणाली. ‘आणि हिंडलग्याला तर अजिबात न्हाय.’

मॅडमना हिंडलग्याचं काही कळलं नाही. बहुतेक जेल आठवलं असावं.

घरी ती दोन दिवस सरळ चालली. एक एक पाऊल टाकताना डोळ्यांत पाणी यायचं, ते ती जांभईचं म्हणून पुसायची.

* * *

साखरपुड्याच्या दिवशी हॉलवर निळ्या-पांढऱ्या पताका लागल्या होत्या. बाहेर पाहुणे बसत होते, भंतेजी यायचे होते. मागच्या खोलीत आक्का तयार होत होती. रचना अंगठी द्यायला आत आली आणि उंबऱ्याला अडखळून गुडघ्यावर पडली.

‘आई गं!’

पांढऱ्या सलवारीवर गुडघ्यापाशी लाल ठिपका उमटला. बघता बघता रुपयाएवढा झाला.

नागुबाई समोरच होत्या. ‘हे काय? कधी लागलं?’

‘आत्ता, उंबऱ्याला...’

‘उंबऱ्यानं एवढी पट्टी बांधली व्हय?’ त्यांनी एव्हाना सलवार वर सारली होती. ‘कधी लागलं रचना?’

‘गुरुवारी.’

आईनं हातातला गजरा खाली ठेवला. आक्कानं रचनाच्या गुडघ्याकडं बघितलं, मग दाराकडं, जिथं अमरदीप येऊन उभा होता. नागुबाई मटकन खुर्चीत बसल्या. ‘मी म्हणत हुते,’ त्या पुटपुटल्या. ‘मी म्हणतच हुते.’

बस, आता हिरा येणार. किंवा काहीच येणार नाही. आणि दाराशी तो मोठ्या कानांचा माणूस असा पांढराफटक पडला होता की रचनाला राहवलं नाही.

‘मावशी, थांबा!’ ती एवढ्या जोरात म्हणाली की बाहेरचे दोन पाहुणे डोकावले. ‘पडले मी, व्हय. दूध सांडलं, गणितात नापास झाले, कुत्रं मागं लागलं, ते पण लिहून घ्या पाहिजे तर. पण आम्ही जिंकलो की! शेवटचा पॉइंट माझा होता. अंगठी तेव्हापण गळ्यातच होती. पडले ते शनीमुळं, मग जिंकले ते कुणामुळं?’

नागुबाईंनी कपाळावरचा हात खाली घेतला.

‘आणि तो ट्रॅक्टर नव्हताच. काकापण नव्हते. आक्का जिन्यावरनं पडलीच नव्हती.’

‘कुठला जिना?’ आक्का म्हणाली. ‘आमच्या बँकेला जिनाच नाही. रस्त्यावरनं सरळ आत.’

‘ते माझ्या लक्षातच आलं न्हाय,’ रचना म्हणाली.

‘माझ्यापण,’ नागुबाई म्हणाल्या. हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वेगळ्याच झाल्या. ‘बँकेत दोनदा आले मी. माझ्यापण आलं न्हाय.’ मग आवाज चढला. ‘पण का गं भवाने? एवढं रचून सांगायला मी काय तुझं वाकडं केलतं?’

‘तुम्ही न्हाय केलं.’ रचनानं मान खाली घातली. ‘मला न विचारता घेतली म्हणून. जळले मी.’

ते ऐकून आईचा हात वर गेला होता, पण नागुबाईंनी तो मधेच धरला. ‘राहू द्या ताई. आज नको. पोर जळली म्हणून बोलली, मी शहाणी ऐकत का बसले? मंडळात हे कुणी सांगायचं न्हाय, कळलं? न्हायतर मीच हिंडलग्याच्या जेलात जाऊन बसीन.’ मग त्या दाराकडं वळल्या. ‘अमर, उभा काय राहिलास खांबासारखा? चल, भंतेजी आलं असतील. आणि अंगठी हीच घालायची.’

रचना अंगठी काढायला लागली. आठवड्यात बोट तिला सरावलं होतं, जरा ओढावं लागलं. खाली पांढरट वळ राहिला. आक्काला देऊ की त्याला, असा क्षणभर घोटाळा झाला. मग तिनं ती अमरदीपच्या तळहातावर ठेवली.

‘घ्या दाजी,’ ती म्हणाली. हा शब्द आजवर तिनं उच्चारला नव्हता. ‘आणि फोटो काढताना अंगठा मधी आणू नका.’

त्रिशरण झालं, पंचशील झालं. अमरदीपनं आक्काच्या बोटात अंगठी घातली आणि सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला. आक्कानं हात वर करून दाखवला. आधी आईला, मग आप्पांना, मग नागुबाईंना. रचना पहिल्या रांगेत लंगडा पाय लांब करून बसली होती आणि कितव्या नंबरला आपल्याकडं बघते ते बघत होती. आक्कानं बघितलं. भुवया उडवून विचारलं, ‘कशी?’

‘छान,’ रचनानं ओठांनीच सांगितलं. या वेळी हसून.

पण खरं सांगायचं तर रचनाच्याच बोटात ती अंगठी जास्त शोभत होती. कितीतरी जास्त. तिनं पांढऱ्या वळावर दुसऱ्या हाताचं बोट फिरवलं आणि हे कुणालाही सांगितलं नाही.